शार्कचे दगडी दात : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात शार्कच्या फॉसिल दातांवर लिहिलं होतं, कोट्यवधी वर्षं जुने दात जगात कुठे कुठे मिळतात आणि लोक ते का जमवतात यावर, आणि त्यानंतर ठाणे-नवी मुंबईतून इतकी पत्रं आली की यावेळचं अख्खं सदर त्यालाच दिलंय. नावं छापलेली नाहीत, फक्त भाग दिलाय, आणि लांब पत्रं थोडी कापलीत.

मुलाच्या वाढदिवसासाठी ऑनलाईन एक दात मागवला, वर्णनात 'ओरिजिनल मेगालोडॉन, मोरोक्को' असं होतं. वरचा भाग गुळगुळीत चकचकीत आहे पण खालचं मूळ वाळूसारखं खरखरीत, आणि पाण्यात धुताना त्यातून वाळू सुटली. आमची फसवणूक झाली का? – घोडबंदर रोड

ताई, तुम्ही पाठवलेले फोटो मोठे करून बघितले. दात खरा आहे, पण मेगालोडॉनचा, म्हणजे नामशेष झालेल्या महाकाय शार्कचा, नाही, आणि मूळ बहुतेक दुसऱ्याच दाताचं आहे. आता कसं ओळखलं ते सांगतो म्हणजे पुढच्या वेळी तुम्हालाच कळेल. मेगालोडॉनच्या दाताच्या दोन्ही कडांना बारीक करवतीसारखे दाते असतात, अगदी टोकापासून मुळापर्यंत, बोट फिरवलं तरी लागतात. तुमच्या दाताच्या कडा गुळगुळीत आहेत आणि मुख्य दाताच्या दोन्ही बाजूंना एकेक छोटं टोक आहे, हा ओटोडस ऑब्लिकस, साधारण ५ ते ६ कोटी वर्षांपूर्वीचा शार्क. मेगालोडॉन याच घराण्यात खूप नंतर आला, त्यामुळे मुलाला सांगा की तुझ्याकडे मेगालोडॉनचा नाही तर त्याच्या पूर्वजाचा दात आहे, आणि वयाने तो मेगालोडॉनच्या दातापेक्षा कितीतरी मोठा आहे.

हे दात मोरोक्कोत खुरीब्गा नावाच्या भागातून येतात. तिथे खतासाठी फॉस्फेटच्या प्रचंड खाणी आहेत आणि त्या फॉस्फेटच्या थरांत शार्कचे दात इतके आहेत की खणताना निघतच राहतात, तिथली माणसं ते वेचून विकतात, म्हणून ते स्वस्त असतात. पण तिथल्या दातांची मुळं ठिसूळ असतात, मोडतात, मग वरचा भाग एका दाताचा आणि मूळ दुसऱ्याचं असं वाळू आणि गोंदाने जोडून अख्खा दात म्हणून विकला जातो. वाळू सुटली ती तिथलीच.

तपासायला फार काही लागत नाही. एक भिंग घ्या, वरचा भाग आणि मूळ जिथे मिळतात ती रेघ नीट बघा, वाळूचे कण दाताच्या चकचकीत भागावर चढलेले दिसले की समजायचं तिथे लेप दिलाय. दुकानात नोटा तपासायला जो यूव्ही टॉर्च ठेवतात तो अंधारात दातावर मारा, गोंद आणि भराव बरेचदा वेगळाच चमकतो. अख्खाच दात रेझिनचा असेल तर हाताला हलका लागतो, गार लागत नाही, बारीक बुडबुड्यांची भोकं दिसतात आणि कडेला साच्याची रेघ असते. आणि विकणाऱ्याला एकच प्रश्न विचारायचा, हा नक्की कुठला? नुसतं 'मोरोक्को' किंवा 'अमेरिका' म्हणून थांबला तर मी तरी घेत नाही, कारण जागा माहीत नसलेला दात दिसायला कितीही सुंदर असो, त्याच्याबद्दल पुढे काहीच सांगता येत नाही.

दात मुलाला द्याच. बरोबर एक चिठ्ठी लिहा: ओटोडस ऑब्लिकस, मोरोक्को, बहुधा खुरीब्गा, मूळ नंतर चिकटवलेलं. खरं लिहिलेली चिठ्ठी असली की तोच दात कलेक्शनमध्ये अभिमानाने ठेवता येतो.

मी सहावीत आहे. डायनासोरची हाडं मिळतात मग शार्कचे फक्त दातच का मिळतात? – ऐरोली

बाळा, एकदम बरोबर ठिकाणी बोट ठेवलंस. शार्कच्या अंगात हाडंच नसतात, त्याचा सांगाडा कूर्चेचा असतो, म्हणजे आपल्या कानाच्या पाळीच्या वर जे लवचिक असतं ना, तसलं. मेल्यावर ते लवकर कुजून जातं. दात मात्र खूप कठीण असतात, बाहेरचा थर तर फ्लोराईडवाल्या खनिजाचा असतो. आणि शार्कचे दात आपल्यासारखे दोनदाच येत नाहीत, ठाणे स्टेशनच्या सरकत्या जिन्यासारखी मागून एकेक ओळ पुढे येत राहते, पुढचा दात पडला की मागचा त्याच्या जागी. एक शार्क आयुष्यात हजारो दात टाकतो. आता विचार कर, असे किती शार्क आणि किती कोटी वर्षं, म्हणून समुद्राच्या जुन्या तळात दातच दात.

कधीकधी पाठीचे मणकेही टिकतात हं, बेल्जियममध्ये अँटवर्पजवळ एकाच मेगालोडॉनचे जवळजवळ १५० मणके मिळालेत, पण तसं फार क्वचित होतं.

पारसिकच्या डोंगरात किंवा ठाण्याच्या खाडीत असे दात मिळतील का? रविवारी मित्रांना घेऊन शोधायला जायचा विचार आहे. – कळवा

पारसिकला फिरायला जरूर जा, पण दातांसाठी नको. आपला सगळा परिसर बेसाल्टचा, म्हणजे ज्वालामुखीच्या लाव्ह्याचा काळा दगड, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे हे लाव्ह्याचे थर. लाव्ह्यात दात टिकत नाही, त्यासाठी समुद्रात हळूहळू साचलेला गाळ लागतो, चुनखडी, चिकणमाती, वाळूचा दगड असलं काही. खाडीतला गाळ आहे खरा, पण तो आत्ताचा, त्यात एखादा दात मिळालाच तर तो हल्लीच्या माशाचा.

पण आपल्याकडे काहीच नाही असं समजू नका. दोन लाव्हा प्रवाहांच्या मधे जो शांत काळ गेला त्यात तळी झाली, त्यांच्या गाळात जीव अडकले, वरळीच्या टेकडीत असे छोट्या बेडकांचे फॉसिल मिळाले आणि १८४७ साली रिचर्ड ओवेनने त्यांचं वर्णन प्रसिद्ध केलं. वरळीचा बेडूक लंडनमधल्या शास्त्रज्ञाने अभ्यासला आणि आपल्यातल्या बहुतेकांना त्याचा पत्ता नाही, मला हे फार लागतं.

भारतात शार्कचे फॉसिल दात आहेत ते कच्छमध्ये, ओडिशात बारीपदाजवळ (तिथून मेगालोडॉनचीही नोंद आहे), आणि राजस्थानात जैसलमेरला. जैसलमेरच्या दातांवरून २०२१ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी स्ट्रोफोडस जैसलमेरेन्सिस ही नवी जात जाहीर केली, १६-१७ कोटी वर्षांपूर्वीच्या ज्युरासिक समुद्रातली. हा हायबोडॉन्ट गटातला शार्क, याचे दात टोकदार नव्हते, चपटे होते, कवचाचं भक्ष्य चिरडायला. पण गाडी काढून कच्छला जाऊन हातोडी चालवू नका प्लीज. फॉसिलसाठी आपल्याकडे अजून वेगळा पक्का कायदा नाही, २०२२ साली केंद्राच्या खाण मंत्रालयाने भू-वारशाच्या विधेयकाचा मसुदा लोकांपुढे ठेवला होता, पण कायदा ढिला आहे म्हणून उचलायचं असं नसतं. एखाद्या कॉलेजच्या जिऑलॉजी विभागाच्या ट्रिपबरोबर जा, काय दिसतंय ते शिका, फोटो आणि जागेची नोंद घ्या.

आणि दातांची ओळख करून घ्यायची तर बाजारातच सोय आहे. मुशी, म्हणजे शार्कच, आणलीत की कोळीण मावशींना सांगून डोकं मागून घ्या. आपल्या किनाऱ्यावर जी छोटी मुशी भरपूर येते ती बहुतेक स्कोलिओडॉन, जुन्या बीएस्सी झूलॉजीवाल्यांनी तिचंच डिसेक्शन केलंय. जबडा काढून पाण्यात काही दिवस कुजू द्या, वासाची तयारी ठेवा, उकळू नका कारण कूर्चा आक्रसते. मग वरचे दात, खालचे दात, पुढचे, कोपऱ्यातले, सगळे वेगळे कसे असतात ते बघा. एकाच माशाच्या तोंडात इतके प्रकार असतात हे स्वतः बघितलं की फॉसिल दातावरून जात ओळखणं किती जपून करायचं काम आहे ते आपोआप समजतं.

दात जितका काळा तितका जास्त जुना ना? – खारघर

नाही. रंग वयाचा नसतो, ज्या मातीत दात पडून राहिला तिच्यातल्या खनिजांचा असतो. फ्लोरिडातल्या व्हेनिस बीचचे दात काळे कुळकुळीत, मोरोक्कोचे फिकट पिवळे-नारिंगी, आणि मोरोक्कोचे वयाने पुष्कळ जास्त.

याच वाचकांनी मेगालोडॉन खोल समुद्रात अजून जिवंत असल्याचा व्हिडिओही पाठवलाय. तो नाहीसा होऊन साधारण ३५ लाख वर्षं झाली. चॅलेंजर या ब्रिटिश संशोधन जहाजाने १८७२ ते १८७६ च्या सफरीत समुद्राच्या तळातून त्याचे दात वर काढले होते, त्यांचा हवाला देऊन अशा गोष्टी पसरतात, पण खोल तळावर गाळ अतिशय हळू साचतो, त्यामुळे लाखो वर्षं जुना दातही तिथे उघडाच पडून असतो.

माझ्या मिस्टरांना हा छंद आहे. सासूबाईंना मेलेल्या जनावराचे दात घरात ठेवलेले आवडत नाहीत. दुसरीकडे मोठ्या नणंदेने एक दात चांदीत मढवून गळ्यात घातलाय, म्हणते नजर लागत नाही. दोघींना काय सांगू? – कोपरी, ठाणे पूर्व

वहिनी, सासूबाईंना सांगा की त्यासाठी जनावर मारलेलं नाही, दात आपोआप गळून समुद्रात पडला आणि हळूहळू त्यात खनिजं भरली, आता तो दगडच आहे. तरी त्यांना देवघराजवळ नको असेल तर दुसऱ्या खोलीत ठेवा, घरातल्या मोठ्यांचं मन राखायला काय जातंय.

नणंदबाई करतात ते मात्र फार जुनं आहे. युरोपात हे दात शेकडो वर्षं ताईत म्हणून वापरले जायचे. त्यांना वाटायचं या दगड झालेल्या जिभा आहेत. रोमन लेखक प्लिनीने लिहून ठेवलंय की त्या आकाशातून पडतात. माल्टा बेटावर लोक म्हणायचे की संत पॉलला तिथे साप चावला तेव्हा त्याने शाप दिला आणि सापांच्या जिभा दगड झाल्या, म्हणून त्या विषावर उतारा. राजेरजवाड्यांच्या जेवणाच्या टेबलावर या 'जिभा' टांगलेलं स्टँड असायचं, अन्नात कोणी विष घातलं तर कळेल म्हणून!

मग १६६६ साली इटलीत लिव्होर्नोजवळ कोळ्यांना एक मोठा शार्क मिळाला. त्याचं डोकं फ्लोरेन्सला निकोलस स्टेनो या डॅनिश शरीरशास्त्रज्ञाकडे पाठवलं, त्याने ते फाडून बघितलं, दात बघितले आणि ओळखलं की या 'जिभा' म्हणजे शार्कचे दात. त्याच्या आधी १६१६ मध्ये फाबिओ कोलोना या इटालियन निसर्ग-अभ्यासकानेही हेच म्हटलं होतं. पण स्टेनो तिथे थांबला नाही, माशाचा दात डोंगराच्या दगडात गेलाच कसा हा प्रश्न त्याने सोडला नाही आणि १६६९ साली मांडलं की दगडाचे थर एकावर एक साचतात, खालचा आधीचा, वरचा नंतरचा. अख्खी जिऑलॉजी आजही त्यावर उभी आहे. मिस्टरांच्या ड्रॉवरमध्ये जे पडलंय त्याची ही योग्यता आहे, सासूबाईंना हे एकदा निवांत वाचून दाखवा. नणंदबाईंनी लॉकेट खुशाल घालावं, फक्त मढवताना सोनाराला सांगा दाताला ॲसिड लावू नकोस, झिजतो.

मुलगी फ्लोरिडात असते, डिसेंबरमध्ये आम्ही दोघं जातोय. तिथून दात आणायचे आहेत. कुठे जावं आणि काय नियम असतात? – वाशी

काका, तुम्ही अगदी योग्य राज्यात चाललात. पश्चिम किनाऱ्यावरच्या व्हेनिसला शार्कच्या दातांची राजधानीच म्हणतात, किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी ओल्या शिंपल्यांच्या पट्ट्यात बघत चालायचं, चकचकीत काळा त्रिकोण दिसला की वाका. आत पीस रिव्हर नदी आहे, गुडघाभर पाण्यात उभं राहून चाळणीने गाळ चाळायचा, डिसेंबरात पाणी कमी असतं म्हणून हंगामही तोच. मगरीसारखे अ‍ॅलिगेटर असतात, माहितगाराशिवाय उतरू नका. फ्लोरिडात सरकारी जागेतून पाठीचा कणा असलेल्या इतर प्राण्यांचे फॉसिल घ्यायला परमिट लागतं, शार्कचे दात त्यातून वगळलेले आहेत. पार्कांचे नियम मात्र वेगळे असतात, नॅशनल पार्कात काहीही उचलायचं नाही.

मेरीलँडला जाणार असाल तर कॅल्व्हर्ट क्लिफ्स बघा, किनाऱ्यावर सुटे पडलेले दात घेता येतात पण कड्याखाली जायला आणि कडा खणायला बंदी आहे आणि ती योग्यच आहे, दरडी कोसळतात. पेरूचे दात सुंदर असतात, पण तिथून फॉसिल बाहेर न्यायला बंदी आहे, माल्टातही गोळा करू देत नाहीत, तेव्हा तिथले दात कोणी स्वस्तात दाखवले तर नम्रपणे नाही म्हणा. आणि हल्लीच्या शार्कचा जबडा किंवा करवत माशाचं करवत गिफ्ट शॉपमधून चुकूनही घेऊ नका. शार्कच्या पुष्कळ जातींच्या व्यापारावर आता आंतरराष्ट्रीय बंधनं आहेत, करवत मासा तर आपल्या वन्यजीव कायद्यात सगळ्यात वरच्या संरक्षणात आहे.

मिळालेला प्रत्येक दात त्याच दिवशी वेगळ्या पिशवीत, आत जागा आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी. समुद्राचे दात घरी आल्यावर काही दिवस साध्या पाण्यात ठेवा, पाणी बदलत राहा, मीठ निघून गेलं पाहिजे. व्हिनेगर, लिंबू, टॉयलेट क्लीनर यातलं काही नको.

इंग्लंडच्या शेपी बेटावरचे दात भावाने आणले होते. दोन वर्षं छान होते, या पावसाळ्यात त्यांच्यावर पांढरी-पिवळट भुकटी आली, डबी उघडली की फटाक्यासारखा वास येतो, खालचा पुठ्ठाही करपल्यासारखा झालाय. – नेरुळ

हे पत्र वाचून मी त्यांना लगेच फोन केला, कारण यात थांबून चालत नाही. शेपीचे फॉसिल लंडन क्ले नावाच्या चिकणमातीतले, आणि त्यांच्यात पायराईट भरपूर असतं, म्हणजे लोखंड आणि गंधकाचं खनिज. दमट हवेत ते ऑक्सिजनशी मिळून फुटतं, त्यातून भुकटी तयार होते आणि सल्फ्युरिक ॲसिडही, जे दात खातं, शेजारचे दात खातं आणि पुठ्ठ्यासकट लेबलही खातं. तिकडच्या संग्रहालयांनाही याचा त्रास आहे, मग आपल्या खाडीकाठच्या ८०-९० टक्के ह्युमिडिटीत काय होणार.

आजारी दात आधी बाकीच्यांपासून बाजूला करा. धुवायचं नाही, पाणी म्हणजे आगीत तेल. कोरड्या मऊ ब्रशने भुकटी काढा, भुकटी हाताला लागली तर हात धुवा. मग हवाबंद प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल भरपूर, रंग बदलणारं घ्या म्हणजे ओलं झालेलं कळतं, तापवून परत वापरता येतं. एक छोटं हायग्रोमीटर आत ठेवा आणि काटा ५० च्या खाली राहील असं बघा. वरून वॉर्निश किंवा नेलपॉलिश मारून काही होत नाही, आतलं चालूच राहतं. लेबल आजच नव्या कागदावर उतरवून घ्या, शक्यतो पेन्सिलने, आणि एक प्रत डब्याबाहेर ठेवा. दात गेला तरी वाईट वाटेल, पण नोंद गेली तर उरलेल्या दातांचंही काही कळणार नाही.

काका मर्चंट नेव्हीत चीफ इंजिनियर होते, मागच्या वर्षी गेले. त्यांच्या कपाटात शार्कच्या दातांची मोठी लाकडी पेटी सापडली, खण केलेले आहेत पण लेबलं नाहीत, एक-दोन खणांत नुसते आकडे. ओळखीचे एक जण सगळी एकरकमी विकत मागतायत. काय करावं? – बेलापूर

घाई करू नका. आणि कोणालाही पेटी 'नीट लावू' देऊ नका. काकांनी जे ज्या खणात ठेवलं तीच सध्या तुमच्याकडची नोंद आहे, ती विस्कटली की गेलं सगळं. प्रत्येक खणाचा वरून फोटो काढा, खणांना नंबर द्या, मगच हात लावा.

मग काकांचं सीडीसी, म्हणजे खलाशाचं नोंदपुस्तक, शोधा. कुठल्या जहाजावर कधी चढले कधी उतरले याच्या नोंदी त्यात असतात. बल्क कॅरियरवर, म्हणजे सुटा माल वाहणाऱ्या जहाजावर, असतील तर मला तरी आशा वाटते, कारण आपल्या देशात खतासाठी फॉस्फेट बाहेरून येतं, मोरोक्कोतल्या कॅसाब्लांका आणि जोर्फ लास्फरला ते जहाजात भरतात, फ्लोरिडाचं फॉस्फेट टँपाहून निघायचं, आणि दोन्हीकडची फॉस्फेटची खाण म्हणजे शार्कच्या दातांची खाण! गुळगुळीत कडांचे, बाजूला छोटी टोकं असलेले फिकट पिवळे दात एका खणात असतील आणि त्या सुमाराला जहाज कॅसाब्लांकाला लागलं होतं असं निघालं तर जवळजवळ जुळलं. करड्या-निळसर रंगाचे, करवतीच्या कडांचे मोठे दात असतील तर टँपाच्या आसपासचा बोन व्हॅली हा फॉस्फेटच्या खाणींचा भाग बघा. घरी पाठवलेली पत्रं, फोटोंच्या मागे लिहिलेलं, जुन्या डायऱ्या, आणि त्यांचे जहाजावरचे सोबती, यातलं काही सोडू नका, बोलायला माणसं आहेत तोवर विचारून घ्या. दात घासूनपुसून लख्ख करू नका, मुळाच्या खाचेत अडकलेली माती असते तीसुद्धा ओळखीला उपयोगी पडते.

नोंदवहीत दोन रकाने करा, एकात पक्कं माहीत असलेलं आणि दुसऱ्यात अंदाज, आणि ते कधी एकमेकांत मिसळू देऊ नका. दातावर नंबर घालायचा तर मुळाच्या मागच्या बाजूला पॅरालॉइड बी-७२ या पारदर्शक रेझिनचा पातळ थर, त्यावर शाईने आकडा, वर परत एक थर, हे अ‍ॅसिटोनने काढता येतं म्हणून संग्रहालयंही वापरतात.

विकायचं की ठेवायचं की एखाद्या कॉलेजला द्यायचं हे घरच्यांनी ठरवायचं, पण नोंद पूर्ण झाल्यावर, आणि दिलीच तर पेटी अख्खी आणि वहीसकट. सध्या मला प्रत्येक खणातल्या एकेका दाताचे पुढून आणि मागून फोटो पाठवा, शेजारी पट्टी ठेवून, आणि खणांतले ते आकडे जसेच्या तसे लिहून कळवा. मला वाटतं ती वर्षं किंवा व्हॉयेज नंबर असणार, सीडीसीशी ताडून बघू.